गरोदरपणातली खनिजं: मात्रा थोडी, वेळ नेमकी

गरोदरपणाच्या नऊ महिन्यांत आईच्या शरीराला लागणारं जास्तीचं लोह एकत्र केलं, तर ते साधारण एक ग्रॅम भरतं. आयोडीन तर त्याहूनही कितीतरी कमी, रोज २५० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा चार हजारावा भाग. जस्त, तांबं, सेलेनियम यांची गरजही अशीच मिलिग्रॅम-मायक्रोग्रॅममध्ये मोजावी लागते. म्हणूनच यांना सूक्ष्म खनिजं म्हणतात. पण गरज थोडी म्हणून ती आपोआप भागते असं मुळीच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. देशाचं प्रमाण ५२.२ टक्के होतं.

या खनिजांबद्दल एक गोष्ट आधी पक्की लक्षात ठेवावी. प्रत्येकाची गरज सर्वांत जास्त असते, असा एक काळ ठरलेला आहे. तो हुकला, तर नंतर दुप्पट मात्रा घेऊनही सगळी भरपाई होत नाही. बाळाचा मेंदू घडत असताना कमी पडलेलं आयोडीन त्याच्या पहिल्या वाढदिवसाला देऊन उपयोग नसतो. म्हणून पुढचं मार्गदर्शन महिन्यांच्या क्रमाने दिलं आहे. तुमचा कितवा महिना चालू आहे ते पाहा आणि तिथून सुरुवात करा.

दिवस राहण्याआधी

मूल हवं असं ठरलं की हिमोग्लोबिन तपासून घ्या. लोहाचा साठा आधीच रिकामा असेल, तर गरोदरपणात गोळ्या घेऊनही शरीर मागेच पडत राहतं. पाळीत खूप रक्त जात असेल, तर त्यावर आधी उपचार करून घ्या. आधीचं मूल लहान असेल, तर शरीराला साठा भरायला किमान दोन वर्षं द्या.

याच काळात फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करायची असते. हे खनिज नव्हे, जीवनसत्त्व आहे. पण बाळाचा मज्जारज्जू घडण्याचा काळ इतका लवकर येतो की, दिवस राहिल्याचं कळेपर्यंत तो बराचसा उलटून गेलेला असतो.

विदर्भात किंवा नंदुरबार, पालघरसारख्या आदिवासीबहुल भागात सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे. तिथल्या नवरा-बायकोने ही तपासणी आधीच करून घ्यावी. थॅलेसेमियाचंही तसंच. या आजारांत हिमोग्लोबिन कमी असण्याचं कारण वेगळं असतं आणि निव्वळ लोहाच्या गोळ्यांनी ते भरून येत नाही.

पहिले तीन महिने: आयोडीन

पहिल्या बारा आठवड्यांत बाळाची थायरॉइड ग्रंथी काम करू लागलेली नसते. मेंदूच्या वाढीला लागणारं थायरॉइडचं संप्रेरक त्या काळात पूर्णपणे आईकडून येतं, आणि ते तयार करायला आयोडीन लागतं. गरोदरपणात आईच्या ग्रंथीला नेहमीपेक्षा जवळपास दीडपट काम करावं लागतं. आयोडीनची फार मोठी उणीव राहिली, तर गर्भपात, मृतजन्म किंवा बाळाच्या बुद्धीची कायमची हानी होऊ शकते. थोडी उणीव वरून दिसत नाही, पण मुलाच्या शिकण्याच्या क्षमतेवर तिचा परिणाम होऊ शकतो.

आपल्याकडे यावरचा उपाय मिठातून आला. प्रा. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा अभ्यास केला आणि त्याने गलगंड कमी होतो हे दाखवून दिलं. १९६२ मध्ये त्यातूनच राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. आज नियमाप्रमाणे घरात पोहोचणाऱ्या मिठात दर किलोला किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असायला हवं.

तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन मिठाचं पाकीट पाहा. त्यावर ‘आयोडीनयुक्त’ असं लिहिलेलं आणि हसऱ्या सूर्याचं चिन्ह असायला हवं. मिठागरातलं जाडं मीठ समुद्राचं असलं, तरी त्यात नैसर्गिक आयोडीन नगण्य असतं. उपवासाच्या शेंदेलोणाचंही तेच. चातुर्मासात महिनोन्‌महिने किंवा नवरात्रभर शेंदेलोणच वापरायची रीत घरात असेल, तर गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईपुरती ती बाजूला ठेवा. मीठ झाकणबंद बरणीत, चुलीच्या धगीपासून दूर ठेवा आणि शक्यतो स्वयंपाक उतरवताना घाला, कारण दमटपणा आणि उष्णतेने आयोडीन उडून जातं.

आयोडीन मिळावं म्हणून मीठ मात्र वाढवू नका. रोजचं मीठ प्रमाणातच असावं, फक्त ते योग्य असावं. उरलेली गरज दूध, दही, अंडी आणि समुद्राचे मासे भागवतात. यातलं काहीच खाण्यात नसेल, तर आयोडीनची गोळी हवी का ते डॉक्टरांना विचारा. समुद्री शेवाळाच्या गोळ्या मनाने घेऊ नका. त्यातलं अति आयोडीनही बाळाच्या ग्रंथीला त्रासदायक ठरतं.

याच तिमाहीत थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. गोळी सुरू झालीच, तर ती सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणि तिच्यानंतर चार तासांच्या आत लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी घ्यायची नाही.

चौथ्या महिन्यापासून: लोह

गरोदरपणात रक्ताचं एकूण आकारमान चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढतं. वर उल्लेखलेल्या एक ग्रॅम लोहापैकी सुमारे ३०० मिलिग्रॅम बाळ आणि वार घेतात आणि जवळपास निम्मं आईच्या वाढलेल्या तांबड्या पेशींसाठी लागतं. ही मागणी दुसऱ्या तिमाहीत वाढू लागते आणि शेवटच्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असते. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांसाठीचा लोहाचा साठा बाळ याच शेवटच्या तिमाहीत गोळा करतं.

म्हणून २०१८ च्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमाप्रमाणे चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी दिली जाते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस ती घ्यायची. उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मोफत मिळते. तरीही १८० दिवस गोळ्या घेणाऱ्या माता देशात जेमतेम २६ टक्के होत्या, असं सुरुवातीला उल्लेखलेल्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. बाकीच्यांच्या गोळ्या का सुटतात? मळमळ होते, पोट साफ होत नाही, शौचाला काळं होतं म्हणून भीती वाटते. ‘गोळ्यांनी बाळ फार मोठं होतं आणि बाळंतपण अवघड जातं’ असा समजही अनेक घरांत आहे.

यातलं एकेक पाहू. शौचाचा काळा रंग पूर्णपणे निरुपद्रवी आहे. न शोषलेलं लोह बाहेर पडल्यामुळे तो येतो. बाळ अवाजवी मोठं होण्याचा लोहाच्या गोळीशी संबंध नाही. उलट आईच्या रक्तक्षयामुळे बाळ कमी वजनाचं किंवा दिवस भरण्याआधी जन्मण्याचा धोका वाढतो, आणि बाळंतपणात थोडंसं रक्त गेलं तरी आईच्या जिवावर बेतू शकतं. मळमळ होत असेल, तर गोळी रात्री, जेवणानंतर तास-दोन तासांनी, झोपताना घ्या. बद्धकोष्ठतेसाठी भरपूर पाणी, पालेभाज्या, फळं आणि रोजचं चालणं ठेवा. एवढं करूनही त्रास थांबला नाही, तर आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घ्या, पण बंद करू नका.

गोळी कशाबरोबर घेता यावर तिचा निम्मा उपयोग ठरतो. लिंबू-पाण्याबरोबर घेतली, तर लोह चांगलं शोषलं जातं. चहा, कॉफी किंवा दुधाबरोबर घेतली, तर बरंचसं वाया जातं. कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा जेवणाबरोबर घ्यायची असते. तिच्यात आणि लोहाच्या गोळीत किमान दोन तास अंतर ठेवा. सकाळच्या न्याहारीला आणि दुपारच्या जेवणाला कॅल्शियम, रात्री झोपताना लोह, ही वाटणी बहुतेकींना जमते. थायरॉइडची गोळी चालू असेल, तर न्याहारीचं कॅल्शियम दुपारच्या जेवणाला आणि दुपारचं रात्रीच्या जेवणाला न्या, आणि लोह त्या जेवणानंतर दोन तासांनी घ्या.

हिमोग्लोबिनचा आकडा स्वतः वाचायला शिका. ११ किंवा जास्त असेल, तर रोज एक गोळी पुरते. १० ते १०.९ म्हणजे सौम्य, ७ ते ९.९ म्हणजे मध्यम रक्तक्षय. दोन्हींत सहसा रोज दोन गोळ्या देतात आणि महिन्याने पुन्हा तपासतात. महिनाभर नीट गोळ्या घेऊनही आकडा एकानेही वाढला नाही, तर कारण शोधायलाच हवं. पोटात जंत आहेत का, बी-१२ जीवनसत्त्व कमी आहे का, सिकलसेल किंवा थॅलेसेमिया आहे का, हे डॉक्टर पाहतात. जंतांची गोळी दुसऱ्या तिमाहीत एकदा देतात, ती चुकवू नका. दिवस पुढे गेले असतील आणि आकडा अजून खालीच असेल, तर शिरेतून लोह देता येतं. ७ च्या खाली आकडा म्हणजे रुग्णालयात उपचार, मग कितवाही महिना असो.

गोळ्यांची पाकिटं मोठ्या मुलाच्या हाताला लागतील अशी ठेवू नका. लाल, गोड आवरणाच्या गोळ्या लहान मुलं चॉकलेट समजून खातात आणि त्यातून जीवघेणी विषबाधा होऊ शकते.

ताटातलं लोह आणि जस्त

धान्य-डाळींच्या जेवणातलं लोह शरीर फार थोडं शोषतं, साधारण शंभरातले पाच ते आठ भाग. कोंड्यात आणि डाळींच्या सालात असलेलं फायटेट लोहाला आणि जस्ताला धरून ठेवतं. त्यावरचा उपाय आपल्या स्वयंपाकात पिढ्यान्‌पिढ्या आहे, तो म्हणजे भिजवणं, मोड आणणं आणि आंबवणं. मोड आलेल्या मटकी-मुगाची उसळ, आंबोळी, इडली, ढोकळा, मोड आणून दळलेली नाचणी यांत फायटेट कमी झालेलं असतं. त्यावर लिंबू पिळलं किंवा सोबत पेरू, आवळा, कोथिंबिरीची हिरवी चटणी घेतली की शोषण आणखी सुधारतं. जेवल्याबरोबर चहा प्यायची सवय असेल, तर ती तासाभराने पुढे ढकला. चहा सोडायला कुणी सांगत नाही, फक्त वेळ बदलायची आहे.

बाजरीची भाकरी, राजगिरा, शेवग्याचा पाला, माठ, चवळी, हुलगे, तीळ, कारळे हे सगळं उपयोगी आहे. भाजी लोखंडी कढईत केली, तर तिच्यात थोडं लोह उतरतं. मांसाहार चालत असेल, तर मासे, सुकट-जवळा, तिसऱ्या, अंडी आणि मटण यांतून जस्त मिळतं. मटण आणि माशांतलं लोह तर वनस्पतींतल्या लोहापेक्षा सहज शोषलं जातं. सुकी मासळी आधी नीट धुऊन तिचं मीठ घालवा. काळीज मात्र गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, टाळावं, कारण त्यातलं अति ‘अ’ जीवनसत्त्व बाळाला अपायकारक ठरू शकतं. बीट लाल असलं, तरी त्यात लोह फारसं नसतं. गूळ-खजूर खायला हरकत नाही, पण त्यांच्या भरवशावर रक्तक्षय जात नाही.

जस्त पेशींच्या विभाजनाला लागतं, म्हणून गर्भाच्या वाढीत पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याचं काम असतं. माणसाला जस्त कमी पडू शकतं, हे ज्यांच्यामुळे जगाला कळलं ते डॉ. आनंद प्रसाद मूळचे बिहारमधल्या बक्सरचे. १९५८ च्या सुमारास इराणमधल्या शिराजला त्यांनी एकवीस वर्षांचा एक तरुण तपासला. त्याची वाढ दहा वर्षांच्या मुलाएवढीच होती. त्याचा मुख्य आहार म्हणजे न आंबवलेल्या पिठाच्या रोट्या, आणि तो रोज माती खात असे. रोटीतलं फायटेट आणि माती यांनी त्याच्या शरीरातलं लोह आणि जस्त दोन्ही कमी केलं असावं, अशी शंका तिथून सुरू झाली, आणि पुढे इजिप्तमधल्या संशोधनात जस्ताची उणीव सिद्ध झाली.

ही हकीकत गरोदर बायकांच्या फार जवळची आहे. भाजलेली माती, खडू, पाटीवरची पेन्सिल किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटतात, त्याला डोहाळे म्हणून हसण्यावारी नेलं जातं. बऱ्याचदा ती लोह कमी असल्याची खूण असते. मातीमुळे अन्नातली खनिजं आणखी कमी शोषली जातात, शिवाय जंत आणि शिसंही पोटात जाऊ शकतं. असं होत असेल, तर लाजू नका, तपासणीच्या वेळी आवर्जून सांगा. घरच्यांनीही तिला रागावू नये, तिचं रक्त तपासावं.

तांबं, सेलेनियम, मँगनीज, क्रोमियम

या चौघांची चिंता सहसा करावी लागत नाही. धान्य, डाळी, शेंगदाणे, तीळ, दूध, अंडी असं मिश्र जेवण असेल, तर ती पुरेशी मिळतात. वेगवेगळ्या गोळ्या विकत आणून घेतल्या, तर उलट नुकसान होतं. जास्त जस्त तांब्याचं शोषण रोखतं आणि जास्त सेलेनियम विषारी असतं. डॉक्टरांनी अनेक पोषकद्रव्यं एकत्र असलेली गोळी दिली, तर तिच्यात लोह किती आहे ते विचारा. रक्तक्षय असताना फक्त तिच्यावर भागत नाही.

तांब्याबाबत पुण्यातला एक धडा मोलाचा आहे. लहान मुलांना यकृताचा एक प्राणघातक आजार भारतात होत असे. १९८० च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर अभ्यास केला. या मुलांना फार लहानपणी तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवलेलं वा ठेवलेलं वरचं दूध दिलं जात होतं, असं त्यात दिसलं. भांडी बदलत गेली आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. म्हणून बाळाचं दूध किंवा पातळ खाणं तांब्या-पितळेच्या भांड्यात कधीही ठेवू नका, आणि ताक, कढी, लोणचं कल्हई नसलेल्या भांड्यात घालू नका.

यवतमाळ, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथे गरोदर बाईसाठी आणि बाळासाठी तपासलेलं, सुरक्षित पाणीच वापरा.

बाळंतपणाची घटका

बाळ जन्मल्यावर नाळ लगेच न बांधता एक ते तीन मिनिटं थांबावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. त्या अवधीत वारेतलं रक्त बाळाकडे येतं आणि त्यातल्या लोहाचा लाभ पुढचे अनेक महिने टिकतो. बाळाला श्वासासाठी तातडीची मदत लागणार असेल, तर डॉक्टर वेगळा निर्णय घेतात. आठव्या-नवव्या महिन्यातल्या तपासणीत एवढंच विचारून ठेवा: “नाळ बांधायला थोडं थांबाल ना?” सिझेरियन ठरलं असलं, तरी विचारा.

जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन थायरॉइडची तपासणी होते का, तेही विचारा. जन्मजात थायरॉइड कमी असलेलं बाळ वरून अगदी निरोगी दिसतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत औषध सुरू झालं, तर त्याची बुद्धी वाचते.

पहिले सहा महिने

बाळाला फक्त आईचं दूध द्या. मध, गुटी, साखरपाणी, वरचं पाणी, काही नको. आईच्या दुधात लोह थोडं असतं, पण ते उत्तम शोषलं जातं, आणि पोटातून आणलेला साठा सोबतीला असतो. इथे एक फरक समजून घ्या. आईने कितीही लोह खाल्लं, तरी दुधातलं लोह फारसं वाढत नाही. ती गोळी आईचं स्वतःचं रक्त भरून काढण्यासाठी आहे. जस्त आणि तांब्याचंही तसंच. आयोडीन आणि सेलेनियम मात्र आई खाईल तसं दुधात उतरतं. म्हणून बाळंतिणीच्या जेवणातही मीठ आयोडीनयुक्तच हवं. अळिवाचे लाडू लोहाचे आहेत, ते जरूर द्या. पण त्यांच्या नावाखाली भाज्या, डाळी, फळं बंद करून तिला नुसत्या तूप-भातावर ठेवू नका.

दिवस भरण्याआधी किंवा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाला शेवटच्या तिमाहीचा साठा पुरेसा मिळालेला नसतो. अशा बाळाला लोहाचे थेंब लवकर सुरू करावे लागतात. कधी आणि किती, हे बालरोगतज्ज्ञ वजनावरून ठरवतात.

सहा महिन्यांनंतर

पोटातून आणलेला साठा आता संपत येतो आणि आईच्या दुधातलं जस्तही महिन्यागणिक कमी होत गेलेलं असतं. दूध चालू ठेवून वरचं खाणं इथे सुरू व्हायलाच हवं. भाताची पेज आणि डाळीचं वरचं पाणी यांत खनिजं फारशी नसतात. घट्ट मुगाची खिचडी, मोड आणलेल्या नाचणीची खीर, कुस्करलेली डाळ-भाजी, अंडं, काटे काढून कुस्करलेला मासा, खिम्याचा बारीक गोळा, शेंगदाण्या-तिळाचं बारीक कूट, असं घट्ट खाणं द्या. वर्ष होईपर्यंत गाई-म्हशीचं दूध मुख्य अन्न म्हणून देऊ नका. त्यात लोह अगदी कमी असतं आणि त्याने बाळाच्या आतड्यातून सूक्ष्म रक्तस्राव होऊ शकतो.

सहाव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोहाचं सिरप आशाताईंकडून मिळतं. त्यात २० मिलिग्रॅम लोह असतं. बाळाला जुलाब झाले, तर ओआरएसबरोबर जस्ताची गोळी द्यायची असते. सहा महिन्यांवरील बाळाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, आणि जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण.

घरातल्यांसाठी

हे सगळं एकट्या गरोदर बाईवर टाकू नका. अजूनही पुष्कळ घरांत ती शेवटी जेवायला बसते आणि उसळ, अंडं, मासळी तोवर संपलेली असते. तिचं ताट आधी वाढा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर मातांची मोफत तपासणी असते. त्या दिवशी नवऱ्याने कामाची सुटी काढून सोबत जावं. आदिवासी भागात २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत रोज एक पूर्ण जेवण मिळतं. त्यावर तिचा हक्क आहे, ते तिनेच खाल्लं पाहिजे.

आणि आज एवढं करा. मिठाचं पाकीट वाचा, चहाची वेळ बदला आणि माता-बाल संरक्षण कार्ड काढून हिमोग्लोबिनचा शेवटचा आकडा पाहा. तो ११ च्या खाली असेल, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता उद्याच उपकेंद्रात जा. बाळाचा साठा भरण्याचे दिवस मोजकेच आहेत.